वाणिज्याचा विद्यार्थी आणि ग्रंथालय

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याचे ग्रंथालयाशी नाते काय, असा प्रश्न कोणी केला तर त्याचे उत्तर पुष्कळ ठिकाणी एकाच वाक्यात मिळते. परीक्षेच्या अगोदर नेमलेली पुस्तके घरी न्यायची, परीक्षा झाली की ती परत आणून द्यायची आणि मधल्या काळात पंख्याखाली बसून वर्तमानपत्र चाळायचे. साहित्याच्या विद्यार्थ्याला ग्रंथालय हे माहेरासारखे असते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यापाशी प्रयोगशाळा असते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याची प्रयोगशाळा म्हणजे बाजार, अशी आपली समजूत आहे. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. बाजार आजचा भाव सांगतो. दहा वर्षांपूर्वी तो काय होता, का चढला, त्या चढण्याने कोणाचे साधले आणि कोणाचे बुडाले, हे बाजाराला विचारून कळत नाही. ते कोठेतरी कागदावर उतरलेले असते, आणि असे कागद जपून, लावून ठेवण्याच्या जागेलाच आपण ग्रंथालय म्हणतो.

श्रोतेहो, हा विषय हवेत मांडण्यापेक्षा एका ठिकाणाच्या आधाराने मांडावा असे मला वाटते. नागपूर सोडून हावड्याच्या दिशेने निघाले, की दुर्ग मागे पडल्यावर भिलाईची स्थानके लागतात. त्यांतले एक स्थानक पावर हाउस. लोहमार्गाच्या एका अंगाला पोलादाचा कारखाना आणि त्याची आखीवरेखीव सेक्टरांची वसाहत. दुसऱ्या अंगाला दाटीवाटीची बाजारपेठ. कापडाची, भांड्यांची, अवजारांची दुकाने, हातगाड्या, उपाहारगृहे आणि त्यांच्यामागे लहानमोठ्या वस्त्या. देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येथे पोटापाण्यासाठी आली. त्यांत विदर्भातली मराठी कुटुंबेही आली. त्यांची मुले आणि नातवंडे आता महाविद्यालयांत वाणिज्य व व्यवस्थापन शिकतात, आणि अखेरच्या वर्षी त्यांना एक प्रकल्प-अहवाल लिहावा लागतो. अशाच एका विद्यार्थिनीची आपण कल्पना करू. तिने विषय घेतला आहे : भिलाईचा कारखाना आणि पावर हाउसचा बाजार. ती ग्रंथालयात जाते आणि विचारते, “मॅडम, भिलाईवर एखादे पुस्तक आहे का?”

या प्रश्नाला दोन उत्तरे संभवतात. पहिले, “नाही.” ते ऐकून ती बाहेर पडते आणि छायाप्रतीच्या दुकानात जाऊन गेल्या वर्षीचा कोणाचा तरी अहवाल मिळवते. नाव बदलते, वर्ष बदलते, बांधणी नवी होते. आत मात्र तेच जुने वाक्य आणि तेच जुने आकडे राहतात. दुसरे उत्तर म्हणजे उलट प्रश्न. “भिलाईचे नेमके काय हवे आहे? उत्पादन, नफातोटा, कामगार, की बाजारातली उलाढाल? आणि कोणत्या काळातली?” चांगला ग्रंथपाल हा दुसरे उत्तर देतो. विद्यार्थ्याला साधन मिळत नाही याचे कारण बहुधा साधन नसते हे नव्हे. त्याचा प्रश्न अजून पुरता जुळलेला नसतो, हे आहे. ‘भिलाई’ हा प्रश्न नव्हे, ते एक नाव आहे. ‘कारखान्यातील नोकऱ्या कमी झाल्यावर पावर हाउसच्या कापडदुकानांच्या विक्रीवर काय परिणाम झाला?’ हा प्रश्न आहे. प्रश्न असा बारीक झाला की तो आपोआप सांगू लागतो : मला नोकऱ्यांचे आकडे हवेत, महागाईचा निर्देशांक हवा, दुकानदारांच्या मुलाखती हव्यात.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली आपले पाच नियम मांडले. पुस्तके वापरण्यासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाचवा. आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. हे नियम इतके साधे आहेत की त्यांत शास्त्र ते काय, असे वाटावे. परंतु वाणिज्याच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत दुसरा नियम पाळणे किती कठीण आहे ते पाहा. आपल्या अनेक महाविद्यालयांत पुस्तके ड्यूईच्या दशांश पद्धतीने लावलेली असतात. त्या पद्धतीत हिशेबशास्त्र ६५७ या अंकाखाली येते, व्यवस्थापन ६५८ खाली, उद्योग व उत्पादन ३३८ खाली, कामगारांचे अर्थशास्त्र ३३१ खाली, सार्वजनिक अर्थव्यवहार ३३६ खाली आणि धातुविद्या ६६९ खाली. म्हणजे भिलाईचा एकच कारखाना ग्रंथालयात पाच-सहा कपाटांत विखुरलेला असतो. जो विद्यार्थी फक्त ‘वाणिज्य’ अशी पाटी असलेल्या कपाटापाशी उभा राहतो, त्याला त्याच्या विषयाचा एक तुकडा तेवढा दिसतो. म्हणून पहिले काम तालिकेचे. ती पत्त्यांची असो वा संगणकातली असो, आपल्या विषयाची चार-सहा पर्यायी नावे लिहून काढावीत आणि प्रत्येक नावाने तालिका पाहावी.

ही नावांची गोष्ट थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण या मुलुखाच्या इतिहासातच तिचे उत्तम उदाहरण आहे. जमशेटजी टाटांच्या मनात पोलादाच्या कारखान्याचा विचार रुजला तो १८८२ साली एक अहवाल वाचून. फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन भूगर्भतज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या चंद्रपुराकडील, लोहारा येथील लोखंडाविषयी तो लिहिला होता. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांचे पुत्र दोराबजी आणि अमेरिकन तज्ज्ञ वेल्ड यांनी तो प्रदेश पाहिला, तेव्हा तेथील खनिज मोठ्या कारखान्याला पुरेसे नाही असे आढळले. बेत सोडून द्यावयाचा म्हणून दोराबजी नागपुरास गेले. ज्या अधिकाऱ्यास भेटायचे तो जागेवर नव्हता. वेळ काढण्यासाठी ते जवळच्या संग्रहालयात शिरले, आणि तेथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा त्यांच्या दृष्टीस पडला. त्यात दुर्ग भागावर लोखंडाच्या साठ्याची गडद खूण होती. त्या खुणेचा माग काढीत माणसे दल्ली-राजहराच्या डोंगरांवर पोचली, तेव्हा पायाखालची जमीन धातूसारखी वाजत होती, असे टाटांच्या चरित्रांत नमूद आहे. योग्य कोळसा व पाणी जवळ नसल्याने टाटांचा कारखाना तेथे झाला नाही. तो साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपुराला गेला. परंतु अर्ध्या शतकानंतर, २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईचा कारखाना ठरला, तो याच दल्ली-राजहराच्या खनिजाच्या भरवशावर. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले.

ही कथा सांगताना ‘नशीब’ हा शब्द सहज तोंडी येतो. परंतु त्या नकाशावरची खूण आकाशातून पडली नव्हती. प्रमथनाथ बोस या भूगर्भतज्ज्ञाने तो प्रदेश तुडवून १८८७ साली एक टिपण प्रसिद्ध केले होते. आता आपल्या विद्यार्थिनीने त्या टिपणाचा शोध घ्यायचे ठरवले, तर ती कोणत्या नावाने घेईल? ‘दुर्ग’ या नावाने घेतला तर ते सापडणार नाही. कारण दुर्ग जिल्हा झाला १९०६ साली. बोस यांनी लिहिले ते रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोखंडाच्या उद्योगाविषयी. दल्ली-राजहरा आज शोधायचे तर ते दुर्गमध्येही नाही, बालोद जिल्ह्यात आहे, कारण २०१२ साली दुर्ग जिल्ह्यातून बालोद आणि बेमेतरा हे जिल्हे वेगळे झाले. १९१० सालचे दुर्गचे गॅझेटियर हवे असेल, तर इंग्रजी तालिकेत ते आजच्या हिज्ज्यांनी न पाहता त्या काळच्या हिज्ज्यांनी पाहावे लागते. त्या हिज्ज्यांचा उच्चार ‘ड्रग’ असा होतो, आणि संगणकाला ते विचारले तर तो औषधांच्या दुकानांची यादी पुढे करतो. आणखी एक चकवा असा की, चांद्याकडे जसे एक लोहारा आहे, तसे बालोद जिल्ह्यात डौंडी-लोहारा आहे. दोन्हीकडे लोखंड आणि दोन्हीकडे तेच नाव. ज्याला हे ठाऊक नाही तो एका ठिकाणचे आकडे दुसऱ्याच्या खाती लिहील.

गावांप्रमाणेच कंपन्यांचीही नावे बदलतात. भिलाईचा १९६० च्या दशकातला ताळेबंद ‘स्टील अथॉरिटी’ या नावाखाली मिळणार नाही, कारण ती कंपनी स्थापन झाली २४ जानेवारी १९७३ रोजी. त्यापूर्वीचे अहवाल ‘हिंदुस्थान स्टील’ या कंपनीचे आहेत. ती १९५४ साली निघाली आणि १९७८ च्या पुनर्रचनेत स्टील अथॉरिटीत विलीन झाली. म्हणून कोणत्याही उद्योगाचा अभ्यास करताना विद्यार्थ्याने वहीच्या पहिल्या पानावर एक लहानशी वंशावळ मांडून ठेवावी : कंपनीचे नाव केव्हा काय होते, जिल्हा कोणता होता, प्रांत कोणता होता. हे एक पान महिन्याभराची वणवण वाचवते. रंगनाथनांचा चौथा नियम तो हाच.

आता साधनांकडे वळू. वाणिज्याची साधने ही मुख्यतः नियतकालिक असतात, म्हणजे ठराविक मुदतीने निघणारी. कंपनीचा वार्षिक अहवाल हे त्यांतले पहिले. तो वाचताना बहुतेक विद्यार्थी पुढच्या पानांवरची रंगीत चित्रे आणि अध्यक्षांचे निवेदन पाहून थांबतात. खरा अहवाल मागे असतो : लेखापरीक्षकांचे मत, हिशेबावरील टिपा आणि विभागवार आकड्यांचे परिशिष्ट. सबंध कंपनीचा नफा हा भिलाईचा नफा नव्हे. कारखान्यांचे आकडे त्या परिशिष्टात शोधावे लागतात. दुसरे साधन सरकारी. पोलाद मंत्रालयाचा वार्षिक अहवाल, १९६४ पासून पोलादाची आकडेवारी गोळा करणारी कोलकात्याची संयुक्त संयंत्र समिती आणि खनिजांसाठी भारतीय खाण ब्यूरोचे वार्षिक. या ब्यूरोचे मुख्य कार्यालय नागपुरात आहे, हे पावर हाउसच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तिसरे साधन बँकेचे. रिझर्व्ह बँकेची मासिक पत्रिका जानेवारी १९४७ पासून निघते, आणि तिच्या आकडेवारीच्या हस्तपुस्तिकेत कित्येक दशकांचे कोष्टक एका ठिकाणी मिळते. चौथे साधन म्हणजे उद्योगांची वार्षिक पाहणी, जनगणना आणि १९७७ पासून काही वर्षांच्या अंतराने झालेली आर्थिक गणना.

यांतले बहुतेक सर्व आता संगणकावर फुकट वाचता येते. मग ग्रंथालय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर असे की, आकडा मिळणे आणि आकडा समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलादाच्या कारखान्यात वितळलेले लोखंड, कच्चे पोलाद आणि विक्रीयोग्य पोलाद अशी तीन निरनिराळी मापे असतात. एका वर्षी पहिले माप आणि दुसऱ्या वर्षी तिसरे घेऊन आलेख काढला, तर कारखाना बुडाल्याचे दिसेल. आपले सरकारी वर्ष एप्रिलपासून मार्चपर्यंतचे. जागतिक पोलाद संघटनेचे आकडे जानेवारी ते डिसेंबरचे. दोन्ही शेजारी ठेवताना तीन महिन्यांची चूक सहज होते. २०११ च्या जनगणनेत दुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या तेहतीस लाखांहून अधिक आहे. परंतु तो जुना, बालोद व बेमेतरा यांसह असलेला जिल्हा होय. ती संख्या आजच्या दुर्गला लावून कोणी दरडोई विक्री काढली, तर त्याचा दुकानदार अकारण गरीब ठरेल. ‘लघुउद्योग’ हा शब्दही असाच फसवा आहे. २००६ च्या कायद्याने त्याची एक व्याख्या केली, २०२० साली ती बदलली आणि १ एप्रिल २०२५ पासून पुन्हा बदलली. २०२० च्या व्याख्येत सूक्ष्म उद्योगाची मर्यादा एक कोटी गुंतवणूक व पाच कोटी उलाढाल होती. आता ती अडीच कोटी व दहा कोटी आहे. एखाद्या वर्षी सूक्ष्म उद्योग वाढलेले दिसले, तर उद्योग वाढले की व्याख्या रुंदावली, हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. अशा प्रत्येक कोष्टकाच्या खाली बारीक अक्षरांत टीप असते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला ग्रंथालयात एकच सवय लावायची असेल, तर ती ही टीप अगोदर वाचण्याची लावावी.

यापुढची गोष्ट अधिक नाजूक आहे. प्रत्येक कागद कोणीतरी कोणासाठी तरी लिहिलेला असतो. कंपनीचा अहवाल भागधारकांसाठी असतो. त्यात कामगार हा खर्चाच्या बाजूला एका ओळीत दिसतो. १ जुलै १९९२ रोजी पावर हाउसच्या स्थानकावर रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि अनेक कामगारांचे प्राण गेले. हे कामगार भिलाईच्या परिसरातील खाजगी कारखान्यांत काम करणारे होते. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांचा खून आदल्या वर्षी, २८ सप्टेंबर १९९१ रोजी झाला होता. राहणीपुरते वेतन आणि कायम नोकरी या त्यांच्या मागण्या होत्या. या परिसरातील उद्योगांवर अहवाल लिहिणारा विद्यार्थी ताळेबंदच तेवढे वाचील, तर त्याला या घटनेचा पत्ताही लागणार नाही. आणि केवळ पत्रके वाचील, तर कारखानदाराचा हिशेब त्याला कळणार नाही. त्याने दोन्ही वाचावीत : वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली, न्यायालयांचे निर्णय, कामगार संघटनांची प्रकाशने, कंपन्यांचे अहवाल. वेतनाचा प्रश्न समजून घ्यायचा तर महागाईचा आकडा हवा. तो केंद्र सरकारचे श्रम ब्यूरो औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकातून देते, आणि २००१ हे आधारवर्ष असलेल्या त्या मालिकेत भिलाई हे एक केंद्र होते. म्हणजे येथील तांदळाचा, डाळीचा आणि घरभाड्याचा भाव टिपला जात होता, आणि तो देशभरच्या महागाईभत्त्याच्या हिशेबात मिळत होता. आपल्या गल्लीतल्या दुकानाचा भाव सरकारी कोष्टकात पोचतो, हे कळल्यावर विद्यार्थ्याची त्या कोष्टकाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

परंतु असेही प्रश्न असतात की ज्यांची उत्तरे कोणत्याच कपाटात नाहीत. पावर हाउसच्या बाजारात कापडाची दुकाने किती, उधारी किती दिवसांची चालते, पगाराच्या आठवड्यात विक्री किती वाढते, हे कोणी छापून ठेवलेले नसेल. अशा वेळी ग्रंथालय उत्तर देत नाही, रीत देते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची स्थापना १९३० साली झाली. तेथे धनंजयराव गाडगीळ यांनी १९३३ साली पुण्यातील फळांच्या बाजाराची पाहणी प्रसिद्ध केली. फळ कोठून येते, दलालाच्या हाती किती राहते, गिऱ्हाइकाला ते काय भावाने पडते, असे साधे प्रश्न घेऊन ही मंडळी बाजारात गेली. आज त्या पाहणीतले भाव निरुपयोगी आहेत, पण प्रश्न विचारण्याची पद्धत जशीच्या तशी कामाला येते. आपल्या विद्यार्थिनीने असे एखादे जुने सर्वेक्षण शोधून, त्याची प्रश्नावली समोर ठेवून पावर हाउसच्या पन्नास दुकानदारांना विचारले, तर तिचा अहवाल हा नकलेचा राहणार नाही. महानगरपालिकेपाशी किंवा जिल्हा उद्योग केंद्रापाशी असलेली नोंद हवी असेल, तर २००५ चा माहितीचा अधिकार तिला उपलब्ध आहे. अर्ज कसा लिहावा हे सांगणे, हेही ग्रंथपालाचेच काम मी मानतो.

लहान गावच्या महाविद्यालयांची एक तक्रार असे, आणि ती खरी होती : मोठ्या नियतकालिकांची वर्गणी आम्हांला परवडत नाही. या तक्रारीचा भार आता पुष्कळ हलका झाला आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ‘शोधगंगा’ या नावाने विद्यापीठांतील प्रबंध सर्वांसाठी खुले केले आहेत. पोलाद, लघुउद्योग, किरकोळ व्यापार यांवरील कित्येक प्रबंध तेथे पूर्ण वाचता येतात, आणि प्रबंधाच्या अखेरीस असलेली ग्रंथसूची म्हणजे तर तयार वाटाड्याच होय. महाविद्यालयांसाठी त्याच केंद्राची ‘एन-लिस्ट’ ही योजना आहे. जानेवारी २०२५ पासून केंद्र व राज्य सरकारांच्या उच्चशिक्षण संस्थांसाठी एक राष्ट्र, एक वर्गणी ही योजना सुरू झाली असून तिच्याद्वारे सुमारे तेरा हजार नियतकालिके वाचता येतात. म्हणजे मुंबईच्या विद्यार्थ्याला जे वाचता येते, त्यातले पुष्कळसे दुर्ग-भिलाईच्या सरकारी महाविद्यालयातही वाचता येते. दार उघडे आहे. दाराची माहिती मात्र विद्यार्थ्याला कोणीतरी द्यावी लागते. परवलीचा शब्द ग्रंथपालाच्या टेबलाच्या खणात पडून राहिला, तर तेरा हजार नियतकालिके असून नसल्यासारखीच.

आजच्या काळात आणखी एक सावधगिरी सांगणे भाग आहे. संगणकाला प्रश्न केला की तो क्षणार्धात सफाईदार निबंध रचून देतो, आणि सोबत ग्रंथांची व लेखांची नावेही देतो. त्यांतली काही नावे खरी असतात. काही अशी असतात की तो लेखक आहे, ते नियतकालिकही आहे, पण तसा लेख कोणी कधी लिहिलेलाच नाही. पूर्वीच्या नकलेत निदान मूळ अहवाल तरी अस्तित्वात असे. यावर उपाय जुनाच आहे. ज्या लेखाचा आधार द्यायचा तो तालिकेत शोधावा, मिळाला तर उघडावा, उघडला तर ते पान वाचावे, आणि मगच आपल्या अहवालात त्याचे नाव लिहावे. जे पान आपण पाहिले नाही त्याचा दाखला देऊ नये, हा व्यापारातल्याच नियमाचा अनुवाद आहे. पावती पाहिल्यावाचून जमाखर्च लिहिणाऱ्या मुनिमाला कोणता शेठ ठेवून घेईल?

महाविद्यालयांनी यासाठी फार मोठे काही करावयास नको. वाणिज्याच्या प्रत्येक वर्गाला वर्षाच्या आरंभी दोन तास ग्रंथालयात बसवावे. एक तास ग्रंथपालाने साधने दाखवावीत, दुसऱ्या तासाला प्रत्येक विद्यार्थ्याला एक लहान प्रश्न द्यावा : १९६५ साली भिलाईचा ताळेबंद कोणत्या कंपनीच्या अहवालात सापडेल? अमुक जिल्ह्याची आजची हद्द आणि जनगणनेतली हद्द यांत फरक काय? उत्तरापेक्षा, ते कोठे मिळाले हे लिहायला सांगावे. प्रकल्पाचे गुण देताना प्राध्यापकांनी बांधणीचे सोनेरी अक्षर पाहू नये. आकड्यांखाली त्यांचे स्थान लिहिले आहे की नाही ते पाहावे. आणि जे अहवाल खरोखरी बाजारात फिरून लिहिलेले असतील, त्यांची एक प्रत ग्रंथालयात नोंदवून ठेवावी. दहा वर्षांनी पावर हाउसचा अभ्यास करणाऱ्याला ‘नाही’ हे उत्तर मिळू नये, याची ती तरतूद होईल. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, या पाचव्या नियमाचा अर्थ केवळ विकत घेऊन वाढणारी असा नाही.

हे सारे कशासाठी, असे एखादा पालक विचारील. मुलगा पदवीधर होऊन नोकरीला लागला की झाले. परंतु हीच मुले उद्या बँकेत बसून कर्जाचे अर्ज तपासणार आहेत, दुकान काढणार आहेत, पतपेढीचे हिशेब पाहणार आहेत. कोणी तिप्पट व्याजाचे आमिष दाखवील, तेव्हा त्या कंपनीची नोंद कोठे पाहावी हे ज्याला ठाऊक आहे तो स्वतः वाचेल आणि शेजाऱ्यालाही वाचवील. ज्याने विद्यार्थिदशेत एकही आकडा तपासून पाहिला नाही, तो छापलेल्या प्रत्येक आकड्यापुढे आयुष्यभर मान तुकवील. पावर हाउसच्या लोकांनी आजवर आपल्याविषयीचे निर्णय दूरच्या शहरांत, दुसऱ्यांनी मांडलेल्या आकड्यांवरून होताना पाहिले आहेत. ते आकडे स्वतः वाचता येणे, त्यांतली चूक दाखवता येणे आणि आपल्या बाजारचा खरा हिशेब आपल्या हाताने मांडता येणे, ही विद्या त्यांच्या मुलांना मिळाली पाहिजे. ती मिळण्याची जागा त्यांच्याच महाविद्यालयात, बहुधा जिन्याच्या वरच्या मजल्यावर, आजही उघडी आहे. तेथे जाऊन पहिला प्रश्न विचारण्याचे काम विद्यार्थ्याचे, आणि उलट प्रश्न विचारून त्याला वाटेला लावण्याचे काम आपणा सर्वांचे.